पाणी पसरतं ती बाजू

अप्पा,

तुमच्या कडोदऱ्याच्या टेपच्या कारखान्याचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं. नव्या युनिटच्या भिंतीवर लागणार आहे तो. नवं युनिट म्हणजे, डिंडोलीतली आपली अख्खी गल्ली आत मावेल! एका टोकाला प्लास्टिकची कोरी फिल्म शिरते, दुसऱ्या टोकाला गम लागून, वाळून, गुंडाळून बाहेर पडते. मधे माणसाचा हात नाही. लॅब माझ्याच ताब्यात आहे, रोज बघते, तरी रोज थक्क होते.

तुमच्या वेळी पत्र्याची शेड आणि एकच मशीन. साड्यांच्या पार्सलांना लावायची खाकी टेप. पहिला मोठा रोल निघाला, सगळे पेढे घेऊन उभे. पण टेप ओढली तर गम तिच्यासोबत येईचना, खालच्या थराच्या पाठीलाच चिकटून राहिला. तुम्ही फिल्म उलटी चढवली होती. तिची एकच बाजू गम धरते, पण दोन्ही दिसायला सारख्याच, गप्प राहिला असतात तर कुणाला कळलंही नसतं. तुम्ही सगळ्यांदेखत चूक कबूल केलीत, "शेठ, भूल मारी छे." शेठ म्हणाले, "तो हवे तुं ज रस्तो काढ."

तो तुम्ही आपल्या स्वयंपाकघरात काढलात. ओट्यावर फिल्मचे तुकडे, डबीत गम. तुम्ही आईच्या कळशीत बोट बुडवून रेघ ओढताय, मी शेजारी डोळे फाडून उभी. एका बाजूला पाण्याचे मणी होतात, दुसरीवर रेघ तशीच पसरून राहते. मग दोन्हींना गम लावून, ओढून बघता आणि ओरडता, "जठे पानी पसरस, तठे गम धरस!" आई म्हणते, "आते कयशी घासा."

सातवी शिकलेला माणूस! मला त्यामागचं कारण कॉलेजात कळलं, तेव्हा वर्गात बसल्या जागी अंगावर काटा आला. आता लॅबमध्ये त्यासाठी खास शाईचं पेन असतं. तेही तुमच्या बोटापेक्षा वेगळं काही सांगत नाही.

पाण्याची ती युक्ती मी इतिहासात तुमच्या नावानिशी लिहिली. उलट्या फिल्मपाशी मात्र हात अडला. व्यापारी वाचतील, नवी पोरं वाचतील. 'सुरुवातीला काही अडचणी आल्या,' एवढंच लिहून मोकळी झाले. प्रत्येक नव्या ऑपरेटरला तुम्ही पहिल्याच दिवशी हसत सांगायचात, "पहिला रोल मी घालवला." बोर्ड रंगून आलाय, उद्या लागेल. ती चूक लिहायची मला लाज वाटली, अप्पा.