विसाव्यातला माळ

॥ श्री ॥
भिंगार, २ फेब्रुवारी २०२५

तीर्थस्वरूप नानांस,
पंकजाचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

नागलीचे पापड आणि त्यांच्याखाली घडी घालून ठेवलेला प्रांत कार्यालयाचा कागद, दोन्ही एकाच पिशवीतून पोचले. पापड भाजून खाल्ले. कागद काही घशाखाली उतरला नाही. वाघोबाच्या माळावरच्या आपल्या जमिनीचा वनहक्काचा दावा फेटाळला, एवढं कळलं. कारण काय, तर कायद्याने धरलेल्या तारखेला, म्हणजे १३ डिसेंबर २००५ ला, तिथे पीक नव्हतं. उपग्रहाच्या चित्रात नुसतं गवत दिसतं. आणि पुढचं वाक्य वाचून मी उठून उभीच राहिले, की अर्जदाराने स्वतः हे कबूल केले आहे.

नाना, तुम्ही कबूल केलंत? पणजोबांपासून आपण तो माळ कसतोय. आई-बाबा गेल्यावर तुम्ही मला त्याच माळावरच्या वरईवर वाढवलंत. मग तुमच्या तोंडून हे निघालं कसं? काकूला विचारलं असतं तरी तिने धडधडीत सांगितलं असतं की पीक होतं.

फोन करू नका. तुम्ही टेकडीवर चढून फोन लावणार आणि मी चिडून बोलायला लागले की नेमकी रेंज जाणार. सविस्तर लिहा. लोभ आहेच, तो राहू द्या. रागाचं बघू नंतर.

आपली,
पंकजा

जांभूळदरा, ता. अकोले
१५ फेब्रुवारी २०२५

चि. पंकजास,
अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मोठ्याने वाचून दाखवलं, तर तुझी काकू, लंकाबाई, घाबरली. तिला वाटलं दावा तूच फेटाळलास. मास्तरणीने पुतणीसारखं लिहावं, एवढंच म्हणणं.

झालं ते असं. पाहणीला दोन साहेब आले. उन्हाचे फिरले आणि सावली बघून वाघोबाच्या दगडापाशी टेकले. तिथेच त्यांनी विचारलं, की त्या साली डिसेंबरात इथे पीक होतं का. आता तूच सांग. वाघबारशीला ज्या दगडापुढे आपण खिरीचा नैवेद्य ठेवतो, गावातली भांडणं ज्याच्यावर हात ठेवून मिटतात, तिथे बसून मी खोटं बोलू? मी म्हणालो, नव्हतं. आणि पुढे सगळं सांगितलं. की या उतारावर एका साली नागली, दुसऱ्या साली वरई, तिसऱ्या साली खुरासणी, आणि मग माळ विसाव्याला सोडायचा. गवत वाढू द्यायचं, गुरं चारायची, मातीला परत बळ येऊ द्यायचं. त्या साली माळ विसाव्यात होता.

साहेबांनी मान डोलावली. मला वाटलं सगळं लिहिलं. लिहिलं मात्र अर्धंच. मी सही करताना वाचलं नाही, कारण चष्मा घरी होता आणि माणसं सभ्य वाटली.

काकूचा आशीर्वाद. ती म्हणते, खाऊन-पिऊन राग कर.

तुझा,
बन्सीनाना

भिंगार, ९ मार्च २०२५

ती. नानांस, शि. सा. नमस्कार.

तुमच्यावरचा राग गेला. तो कुठे गेला ते सांगते.

शेजारच्या लीनाताई वकील आहेत. त्यांनी मला कायदा उघडून दाखवला. सुरुवातीलाच लिहिलंय की जंगलात राहणाऱ्या आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला. वाचून डोळे भरून आले होते. पण अन्याय झाला हे यांनी म्हणायचं आणि त्याचा पुरावा आपण आणून द्यायचा, हा कुठला न्याय? नियमात हेही आहे की जाणत्या म्हाताऱ्यांची साक्ष पुरावा म्हणून चालते, आणि उपग्रहाचं चित्र पुराव्याला जोड म्हणून घ्यायचं, पुराव्याच्या जागी नव्हे. म्हणजे कायदा बरोबर बोलतो, फक्त खुर्चीपर्यंत पोचेस्तोवर बहिरा होतो.

परवा शाळेची सहल हिवरे बाजारला नेली. तिथे ग्रामसभा ठरवते आणि गाव तसं वागतं, म्हणून लांबलांबून लोक बघायला येतात. मुलांना ते कौतुकाने सांगितलं खरं, पण मनात आपलं गाव होतं. आपल्याही ग्रामसभेने एकमुखाने ठराव दिला होता, नाना. त्याचं कुणी काय केलं?

आपण अपील करतोय. लीनाताई सुनावणीला उभ्या राहणार आहेत. एकच मागणं आहे, रागावू नका. यंदा माळ पुन्हा विसाव्याला सोडायची पाळी आहे, मला ठाऊक आहे. यंदा सोडू नका. मूठभर का होईना, वरई टाका. परत पाहायला आले तर हिरवं दिसलं पाहिजे.

आपलीच,
पंकजा

जांभूळदरा, ३० मार्च २०२५

चि. पंकजास, अनेक आशीर्वाद.

रागावू नका लिहिलंस, म्हणून रागावलो.

तीन साल दूध दिलेल्या गाईला चौथ्या साली पिळायचं नसतं, हे तुला लहानपणी कळत होतं. मी पेरणार नाही. माझ्या बापाने दुष्काळातही विसाव्यातला माळ पेरला नाही. कागदासाठी मी पेरू?

तुझ्यापासून लपवायचं नाही म्हणून लिहितो. परवा वनखात्याची माणसं माळावर चुना टाकून गेली. जागा रिकामी आहे, पावसाळ्यात झाडं लावायची म्हणाली. लंकाबाईने विचारलं, की रिकामी कुणी सांगितलं? तर ती माणसं म्हणाली, तुमच्याच मालकांनी. तेव्हापासून लंकाबाई माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलते. घरात दोनच माणसं, त्यातलं एक गप्प, म्हणजे तूच समज.

लोभ धरून अस.

बन्सीनाना

भिंगार, १८ मे २०२५

ती. नानांस, शि. सा. नमस्कार.

सुनावणीत तुम्ही बाहेर बाकावर गेलात त्यानंतरचं सांगायचं राहिलं. लीनाताईंनी नियम वाचून दाखवला. साहेबांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, की विसावा वगैरे ठीक आहे, पण ज्या जमिनीवर आज काही दिसत नाही ती तुम्ही कसता असं आम्ही कशावरून मानायचं. श्रावणात पुन्हा पाहणी होईल. पीक उभं असेल तर विचार करू.

मला त्यांच्या टेबलावरची काच फोडावीशी वाटली. जमिनीला जपतो त्याची जमीन पडीक, आणि तिला ओरबाडतो तो कसणारा. वर हे म्हणणार, आदिवासींकडून निसर्ग जपायला शिका. शिकायला आमच्याकडे आणि शिक्षा करायलाही आमच्याकडेच.

मी आता पेरा म्हणणार नाही. ते तुमच्यावर आणि काकूवर सोडलं. काहीही केलंत तरी मी तुमच्या बाजूनेच भांडेन.

आपली,
पंकजा

जांभूळदरा, २० जुलै २०२५

चि. पंकजास, अनेक आशीर्वाद.

पेरलं.

मी पेरणार नव्हतो. सकाळी उठलो तर लंकाबाई वरईच्या बियाण्याचं टोपलं घेऊन निघालेली. मी वाट अडवली. तेव्हा ती एवढंच बोलली, "वाघोबाला मी सांगते. त्याला कळंल. सायबाला न्हाई कळायचं." मग मीच टोपलं हातात घेतलं. दगडापुढे दोघांनी डोकं टेकलं आणि नांगर धरला. गवताची मुळं चांगली धरू लागली होती. तुटताना आवाज येत होता.

आता माळ हिरवा आहे. वरई विरळ आलीय, पण लांबून आणि वरून दिसायला पुरेशी आहे. चुन्याच्या खुणाही गेल्या. दावा बहुतेक मंजूर होईल असं सगळे म्हणतात. लीनाताईंना माझा नमस्कार सांग, त्या बाईने फार केलं.

वाघोबापुढे मी अजूनही खोटं बोललेलो नाही, पंकजा. मला ते बोलता येईना, म्हणून त्यांनी ते माळाला बोलायला लावलं.

तुझा आमच्यावर लोभ आहे तसाच ठेव. माळाचा राहील की नाही, ते मला आता सांगवत नाही.

तुझा,
बन्सीनाना