हौद, विहीर आणि शीळ

मी, गुरुपादप्पा सिद्धलिंगप्पा हालकुडे, वय कागदावर पंच्याहत्तर आणि आईच्या सांगण्यात त्याहून जास्त, धंदा शेती, राहणार शेतातला आखाडा, म्हणजे शेतावरचे घर आणि गोठा, मौजे निंबाळवाडी, तालुका शिरूर अनंतपाळ, जिल्हा लातूर, आज पूर्ण शुद्धीत, राजीखुशीने आणि चहा-सुपारीपलीकडे कसलीही नशा न करता हे मृत्युपत्र लिहून ठेवतो.

माझे डोके ठिकाणावर असल्याबद्दल डॉक्टरची सही असलेली बरी, असे वकीलसाहेब म्हणाले. आमच्या आखाड्यावर नेमाने येणारे डॉक्टर एकच, जनावरांचे सुदर्शन डॉक्टर. त्यांनी माझी जीभ बघितली, डोळ्याची पापणी ओढली आणि "ठीक आहे, चारा सुरू ठेवा" म्हणाले. डॉक्टर कशाचा हवा ते वकीलसाहेबांनी सांगितले नव्हते.

आता कारण लिहितो. माझा मुलगा राजशेखर लातूरला मोटारपंप दुरुस्तीचे दुकान चालवतो. मी गेल्यावर जनावरे हाळीच्या बाजारात विकायची, आखाड्याला कुलूप लावायचे आणि आईला, म्हणजे माझी बायको सिद्धम्मा हिला, लातूरच्या फ्लॅटमध्ये न्यायचे, असे त्याने मनाशी पक्के केले आहे. पोरगा वाईट नाही. आईवर जीव आहे म्हणूनच तिला तिसऱ्या मजल्यावर नेऊन ठेवणार आहे. सिद्धम्मा एकदाच म्हणाली, "मला तिथं करमायचं न्हाई." त्यावर तो म्हणाला, "अव्वा, तुज्यानं एकटीनं आखाडा व्हत न्हाई. जनावरं अप्पाच्या शिळेबिगर पाणी बी पीत न्हाईत." ती गप्प बसली. मी बसणार नाही, म्हणून हा कागद.

कलम १. वडिलोपार्जित जमिनीच्या वाटण्या राजशेखर आणि मुलगी सुकन्या यांच्यात आधीच झाल्या आहेत. दोघांनाही बांध कमी मिळाला असे वाटते, त्यावरून वाटणी बरोबर झाली असे मी धरतो. या मृत्युपत्रात फक्त मी स्वतः घेतलेला आखाडा, त्यातली विहीर, हौद, गोठा आणि जनावरे येतात.

कलम २. विहिरीवरची मोटार, स्टार्टर आणि काळा पाईप राजशेखरला. अट एवढीच की त्याने ते विहिरीवरून हलवायचे नाहीत आणि बिघडले की स्वतः येऊन दुरुस्त करायचे. म्हणजे वस्तू त्याच्या नावावर आणि पाणी इथे. या निमित्ताने तो महिन्यातून एकदा तरी आईच्या हातचे जेवून जाईल.

कलम ३. माझी कवळी कोणालाही देऊ नये. ती घालून शीळ वाजत नाही, नुसती हवा जाते.

कलम ४. आता शिळेबद्दल. जनावर पाण्यावर आले की शीळ घालायची, ही आमच्याकडची रीत. बारीक, लांब, एका सुरात. जनावर मान खाली घालते आणि पोटभर पिते. माझ्या वडिलांनी घातली, मी घातली. पण मी जरा जास्तच लाडावून ठेवले. म्हैस चंद्री, देवणी गाय गोदी आणि म्हातारा बैल मंगळ्या, तिघांनाही शीळ ऐकल्याशिवाय पाण्याला तोंड लावायचे नाही अशी सवय लागली. पाहुण्यांना दाखवायला मला यात मोठी ऐट वाटायची.

मागच्या उन्हाळ्यात हौदाच्या शेवाळावरून पाय घसरून माझा खुबा मोडला. मला लातूरच्या दवाखान्यात नेले आणि इकडे जनावरे हौदाशी उभी राहून पाण्याकडे नुसती बघत राहिली. राजशेखरने दवाखान्यात माझी शीळ मोबाईलमध्ये भरून घेतली आणि आखाड्यावर जाऊन हौदाच्या कट्ट्यावर लावली. गोदी मला शोधत फाटकापर्यंत गेली. मंगळ्याने गव्हाणीत बघितले. चंद्रीने मान झटकली आणि मोबाईल हौदात पडला. राजशेखर तो वाळवायला लातूरला परत आला आणि मला म्हणाला, "अप्पा, इकून टाकू."

मी सिद्धम्माला फोन लावला.

"जनावरं पाणी पिऊन राहिलीत का?"

"पितेत की."

"कोणाच्या शिळेवर?"

"तान लागल्यावर पितेत. तुमी गप पडून ऱ्हावा."

मी गप पडून राहिलो, पण मनाला लागले. इतक्या वर्षांचा आपला मान, आणि जनावरांना आपली गरज नाही!

कलम ५. शेजारचे शेतकरी बजरंग शेषेराव जाधव यांच्याशी माझे भांडण आहे. त्यांनी आमच्या विहिरीला खेटून बोअर मारला आणि आमचे पाणी खाली गेले. विचारायला गेलो तर म्हणाले, "पाणी काय नाव लिहून वाहतंय का?" तेव्हापासून आम्ही बांधावरूनच बोलतो, तेही मोठ्याने. मी काठी टेकत आखाड्यावर परत आलो त्या दिवशी हेच बजरंग बांध ओलांडून आले. मला वाटले विचारपूस करतील.

"गुरुपादप्पा, तू दवाखान्यात व्हतास म्हणं?"

"हाव. खुबा मोडला."

"मंग हौदापशी शीळ कोण घालून राहिलं व्हतं? तूच हाईस म्हणून मी रोज बांधावरून तुला शिव्या घालून राहिलो. एवढ्या शिव्या वाया गेल्या की माझ्या!"

मी सिद्धम्माकडे बघितले. ती कडबा मोजत होती. गव्हाणीतला कडबा कोणी मोजत नाही.

तेव्हा तिला सांगितले, "खुबा ठणकतोय, जनावरं तू पाण्यावर ने," आणि डोळे मिटून बाजेवर पडलो. तिने मला दोनदा हाक मारून बघितली. मी घोरलो. मग तिची शीळ ऐकली. माझ्यासारखीच, पण शेवटी जरा वर नेलेली. चंद्रीचे घोट मला बाजेवर ऐकू येत होते. माझ्या शिळेवर ती इतकी कधी प्यायली नाही, हे मी कायदेशीर कागदावर कबूल करतो आणि मला त्याचा हेवा वाटतो.

सिद्धम्मा लग्न होऊन आली तेव्हा माझ्या आईने तिला बजावले होते की बाईने शीळ घातली की विहिरीचे पाणी आटते. म्हणून तिने जन्मभर तोंड मिटून ठेवले. विहीर मात्र दर उन्हाळ्यात आटत आलीच, तिला कोणी शीळ ऐकवो न ऐकवो. माझी आई लिंगैक्य झाली, तरी तिचा धाक अजून आमच्या गोठ्यात बसून आहे. तो धाक मी या कलमान्वये रद्द करतो.

कलम ६. सबब आखाडा, विहीर, हौद, गोठा, चंद्री, गोदी आणि मंगळ्या हे सर्व मी माझी पत्नी सिद्धम्मा हिला पूर्ण मालकी हक्काने देतो. तिला कोणी कुठे नेऊ नये. ती स्वतः जाते म्हणाली तर जाऊ द्यावे, आणि दुसऱ्या दिवशी परत येते म्हणाली तर आणून सोडावे. तिच्या पश्चात दोन्ही मुलांना समान. जनावरे विकायची की नाही हे फक्त तिने ठरवावे. मंगळ्या कामाचा राहिलेला नाही हे मला माहीत आहे. मीही राहिलेलो नाही, मला कोणी हाळीला नेले नाही.

कलम ७. जनावरांचे. काळ्या पाईपात तापलेले पाणी थेट पाजू नये, हौदात निवू द्यावे. उन्हातून आलेल्या म्हशीला आधी सावलीत उभे करावे. हौद आठवड्याला रिकामा करून काथ्याने घासावा आणि चुन्याचा हात मारावा. ज्याला शेवाळाची भीती वाटत नाही त्याने माझा खुबा आठवावा.

कलम ८. बजरंग यांचा हौद गळका आहे आणि त्यांची म्हैस तहानेली की आमच्याकडे येते. तिला हाकलू नये. साक्षीदाराला मृत्युपत्रात काही देता येत नाही असे वकीलसाहेब म्हणाले, म्हणून मी बजरंगला मुद्दाम साक्षीदार केले आहे. देणगी म्हशीला आहे. तिने सही केलेली नाही.

कलम ९. या कागदाची अंमलबजावणी सुकन्याने करावी. ती उदगीरला असते आणि तिच्याशी वाद घालून अजून कोणी जिंकलेले नाही.

कलम १०. माझी समाधी शेतातच करावी, पण विहिरीच्या वरच्या अंगाला नको. जन्मभर ज्या पाण्यात साधे पान पडू दिले नाही, त्यात मेल्यावर घाण करायची माझी इच्छा नाही.

कलम ११. हे शेवटचे फक्त सिद्धम्मासाठी. सुकन्याने तिला ते मी जिवंत असतानाच वाचून दाखवावे, नंतर उपयोग नाही.

अगं, मला माहीत आहे. तू घालतेस ते मला माहीत आहे हे तुलाही माहीत आहे. तरी अजून मी फाटकाबाहेर गेल्यावरच घालतेस, म्हणून मी रोज उगाच फाटकाबाहेर जाऊन उभा राहतो. खुबा दुखतो. आता हे पुरे कर, माझ्यासमोर घाल.

आणि माझी वेळ येईल तेव्हा सगळे जमतील, चमच्याने तोंडात पाणी घालतील आणि मी ते पिणार नाही. डॉक्टर म्हणतील, गिळणे बंद झाले. राजशेखर रडेल. तू कोणाची लाज धरू नकोस. पाणी तुझ्या हातात घे, माझ्या कानाशी ये आणि शीळ घाल, शेवटी जरा वर नेऊन.

मी पिईन.

हा कागद मी वाचून, समजून, हौदाच्या कट्ट्यावर बसून सही केला.

ठिकाण: आखाडा, मौजे निंबाळवाडी
दिनांक: ९ एप्रिल २०२५

सही: गुरुपादप्पा सिद्धलिंगप्पा हालकुडे

साक्षीदार:

१. डॉ. सुदर्शन, पशुवैद्यक. लिहून देणार शुद्धीत आहेत. खुबा सोडून तब्येत चांगली.

२. बजरंग शेषेराव जाधव, शेजारी. माझ्यासमोर सही झाली. बोअरची हकीकत खोटी आहे. वहिनीची शीळ खरी आहे, आत्ताही चालू हाय.