पावडर मी मोरीत ओतली

अहो,

रात्रपाळी करून झोपलात, म्हणून उठवलं नाही. आईंच्या हाती लागू नये म्हणून चिठ्ठी हेल्मेटमध्ये ठेवतेय.

तंबूवाल्या बाबाकडून आणलेली पावडर मी मोरीत ओतली. परवा ती खाऊन तुमची छाती केवढी धडधडत होती, आणि तुम्ही "काही नाही" म्हणून कूस बदललीत. मला भीती वाटली. काल मी एकटीच डॉक्टरांकडे गेले.

मी टेबलाकडे बघतच सगळं सांगितलं. ते मात्र सर्दी-खोकल्याचं ऐकावं तसं ऐकत होते. म्हणाले, "याला शीघ्रपतन म्हणतात. पुष्कळ पुरुषांना होतं, धास्तीनं आणखी वाढतं. तपासू, सराव शिकवू, लागल्या तर गोळ्या देऊ. पण त्यांना स्वतः यावं लागेल."

तुम्हाला न विचारता परक्या माणसाशी बोलले, याचा राग येईल. येऊ दे. पण रविवारी तुम्ही म्हणालात, "माझ्यात दम नाही, तू सायखेड्याला माहेरी जा." ते मला फार लागलं. लवकर होतं याचं मला काही नाही हो. नंतर तुम्ही पाठ फिरवता आणि दिवसदिवस बोलत नाही, ते सोसवत नाही.

आज संध्याकाळी पाचचा नंबर तुमच्या नावानं लावलाय. आयटीआय सिग्नलजवळ, मेडिकलच्या वरचा मजला. मी कामावरून परस्पर तिथे येतेय. तुमचं बीपी तपासायचंय, एवढंच आईंना सांगितलंय.

तुम्ही नाही आलात, तर मी एकटी परत येईन. सायखेड्याला नाही, आपल्या घरी.

मोनाली