काळ्या फितीचा कोपरा

२० जुलै
विंझरहून नागसेनच्या टेम्पोत, दुधाच्या कॅनांना टेकून वाडीवर पोचले. आपत्ती-नर्सिंगच्या एम.एस्सी.चं हे शेवटचं प्रात्यक्षिक. डोंगराखालच्या वाडीत राहायचं, लोकांना तयार करायचं, रोज लिहायचं. उपकेंद्राच्या वनिता सिस्टरांनी खिडकीजवळची स्वतःची खाट मला दिली. नागसेनची आई, भामाबाई, नाचणीची भाकरी आणि कुर्डूची भाजी घेऊन आल्या. "लई वाळलीयास पोरी, हितं भरशील," म्हणाल्या. मला इथं करमणार!

२३ जुलै
शाळेत सराव झाला. दरड कोसळलीय असं धरून मनगटांना फिती बांधल्या. हिरवी म्हणजे चालू शकणारा, पिवळी म्हणजे थांबू शकणारा, लाल म्हणजे सगळ्यात आधी. काळी म्हणजे गेलेला, किंवा वाचणार नाही असा. काळ्यांना कोपऱ्यात ठेवायचं आणि तिकडं वळायचं नाही. एकासाठी थांबलं की वाचू शकणारा हातचा जातो. हे सांगताना सगळे गंभीर झाले होते. पण लाल फितीच्या भामाबाईंना झोळीतून नेताना त्या अशा खुदुखुदु हसायला लागल्या, की उचलणाऱ्यांचे हातच गळाले.

२६ जुलै
सकाळी वरच्या आळीवर डोंगर आला. रस्ता तुटलाय, मोबाईल बंद. वनिता सिस्टर मदत आणायला बांधाबांधानं विंझरकडं चालत गेल्या. धडधाकट माणसं माती उपसतायत, जखमींना शाळेत आणतायत. फिती मीच बांधतेय.
भामाबाईंची कवटी फुटली होती. श्वास होता, अडखळत. मी काळी बांधली. नागसेननं माझे पाय धरले. "ताई, धुगधुगी हाय वो अजून तिच्यात." मी लाल फितीवाल्यांकडं वळले.
दुपारी त्या गेल्या. नाडी मी पाहिली. डोळे मी मिटले.

२७ जुलै, सकाळ
कोपऱ्यातून कुणीतरी पाणी मागितलं. माझं चुकलं असेल, कुणी जिवंत असेल, म्हणून धावले. सगळे गार, ताठ. परत येईपर्यंत लाल फितीच्या सोपानकाकांच्या मांडीची पट्टी सुटून रक्त वाहून गेलं होतं. त्यांना मी वाचवलं असतं. त्यांनाही कोपऱ्यात ठेवलं.

दुपार
भामाबाईंचा आवाज. गार वाजतंय म्हणाल्या. नागसेननंही ऐकलं. चादर घेऊन गेला, आईचं डोकं मांडीवर घेऊन बसला. मी त्याला ओढायला गेले — तेवढ्यात इकडं लाल फितीच्या बंडूचा श्वास थांबला.
पिवळ्या फितीवाल्यांनीही ऐकलं. हिरव्या फितीच्या बाया त्यांना उचलून देवळात घेऊन गेल्या. मला म्हणाल्या, तुमीबी चला. लाल फितीवाल्यांना हलवता येत नाही. मी राहिले.

२८ जुलै
वर पुन्हा दरडीचा आवाज झाला. उपसायला गेलेलं कुणी परतलं नाही.
लाल फितीत आता एकटी रत्ना. तिच्या जखमेवर डावा हात दाबून धरलाय. उजव्यानं लिहितेय. लिहीत राहिलं की पाय तिकडं जात नाहीत.
कोपऱ्यात सोपानकाका बोलतायत. बंडूही. नागसेन आईशेजारी आडवा झालाय. हाका मारल्या, ओ देत नाही.

अजून कुणी आलेलं नाही
वनिता सिस्टर बोलावतायत. "सुलक्षणा, अगं हात दे." दारातून नाही. कोपऱ्यातून.
त्या तिथं नाहीत. त्यांना जाताना मी पाहिलंय. त्या विंझरला —
तिथून फक्त मेलेलेच बोलतात.
म्हणजे मदत —

नागसेन बोलायला लागला. ताई म्हणतोय.

हाताखाली ऊब आहे. नक्की आहे. रत्ना डोळे उघडून माझ्याकडं बघतेय. ओठ मिटलेले. आणि कोपऱ्यातून तिचा आवाज — ताई, दुखतंय, हात काढा — नाही काढणार — रत्ना, बोल ना गं, इथून बोल, इथू