कोरा ठेवलेला रकाना

अण्णा, तुमच्या नातीचा सीईटीचा फॉर्म भरायचा आहे आणि आठ दिवस घरात दुसरा विषय नाही. गणिताचा गट की जीवशास्त्राचा? दोन्ही परीक्षा देता येतात, पण दोन्हींचा अभ्यास झेपणार नाही असं ती स्वतःच म्हणते. तुमच्यावर गेली आहे, झेपणार नाही ते उगाच अंगावर घेत नाही. फॉर्म आता मोबाईलवर भरतात, पेन्सिल लागत नाही.

तुमचं सगळं आधी पेन्सिलीने. शेवगावच्या दवाखान्यात कंपाउंडरकी करता करता लागलेली सवय असेल. कुठलाही अर्ज आधी पेन्सिलीने भरायचा, एक दिवस तसाच ठेवायचा, मग त्यावर पेन फिरवायचं. मला त्याचा भारी राग यायचा. माझा सीईटीचा फॉर्मही तसाच भरलात. आई भाकरी थापतेय, तुम्ही चुलीपासून लांब पाटावर बसलाय, पीठ उडू नये म्हणून कागद गुडघ्यावर धरलाय. नाव, पत्ता, जन्मतारीख लिहिलीत आणि गटाचा रकाना कोरा ठेवलात. "ह्यातलं मला काय कळत न्हाई. तुला जमतंय ते तू भर," म्हणत पेन्सिल माझ्या हातात दिलीत. मला गणित जमायचं, चांगलंच जमायचं. पण समोर खिळ्याला ते जुनं स्टेथोस्कोप लटकत होतं, डॉक्टरांनी टाकून दिलेलं, मी लहान असताना तुम्ही आणलेलं. तुमच्या मनात काय आहे ते मीच ठरवून टाकलं आणि जीवशास्त्रावर खूण केली. दुसऱ्या दिवशी तुम्ही त्यावर पेन फिरवलंत.

मार्क पडले नाहीत. निकालाच्या दिवशी मी तुमच्यावर ओरडले, "तुम्हालाच घरात डॉक्टर पाहिजे होती!" आई मध्ये पडली. "अगं, शेळीच्या पोटातलं करडू ऐकायचंय म्हनून तूच घर डोक्यावर घेतलं हुतं. म्हनून आनलं त्यांनी ते." तुम्ही एवढंच म्हणालात, "चुकलं माझं," आणि ते खिळ्यावरून काढून ठेवलंत. मी गप्प बसले. ते गप्प बसणं मला अजून खातं.

पुढे फार्मसी केली. कोल्हारला माझं औषधाचं दुकान आहे, बरं चाललंय, तक्रार नाही. पण कुणी विचारलं की ठरलेलं उत्तर असायचं: वडिलांनी गणित सोडायला लावलं. तुम्ही गेल्यावरही तेच सांगत राहिले. तुम्ही असतात तरी खोडून काढलं नसतंत, हे मला पक्कं ठाऊक होतं.

काल दुपारी पोरगी दुकानात आली, काउंटरवर मोबाईल ठेवला आणि म्हणाली, "मम्मी, मी गणितच टाकते. आजोबांमुळे तुझं राहिलं ना, ते मी करते." हिला, अण्णा, औषधांच्या खोक्यांतले बारीक अक्षरांचे कागद वाचायचा नाद. कुठली गोळी पोटात गेल्यावर काय करते ते मला विचारून विचारून भंडावते. गणिताचं पुस्तक मात्र पुढ्यात ठेवलं तरच उघडायचं. हे सगळं मला माहीत होतं, तरी खरं सांगते, मी क्षणभर खूश झाले. "टाक" म्हणायला तोंडही उघडलं. मग म्हटलं, "आज राहू दे. एक दिवस जाऊ दे." तिला हसू आलं. "तू पण आजोबांसारखीच," म्हणाली.

परवा शेवटची तारीख आहे. तिला उद्या सांगायला हवं, आणि ती माझ्याकडे कशी बघेल याची मला भीती वाटते. हे पत्र कुठे टाकणार, म्हणून पेन्सिलीनेच लिहिलंय, एक दिवस ठेवून बघायला. एका ओळीवर मात्र आत्ताच पेन फिरवते: रकाना तुम्ही कोरा ठेवला होता, खूण मी केली.