धुक्याची नोंद

४ डिसेंबर

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, कारण घरात शिंकांचं राज्य आहे. भिंगरीला पुन्हा सर्दी झाली. पाच वर्षांची पोर, पण नाक चोंदलं की थेट तिच्या आजोबांसारखी घोरते. दुपारी पडद्यातून पांढुरका उजेड येतो, ती माझ्या मांडीवर पेंगत असते आणि मधेच डोळे न उघडता विचारते, की सर्दी कुठून येते, तिला पाय असतात का. मी सांगितलं, पाय नसतात, ती दुसऱ्याच्या शिंकेवर बसून येते. तेव्हापासून प्रत्येक शिंकेला ती हात हलवून टाटा करते.

शाळेतल्या माझ्या दवाखान्याच्या खोलीत खाटा दोन आणि खोकणारी मुलं रोज सात-आठ. मोठ्या बाईंचा हुकूम आहे, की थंडी आत येते, वर्गाच्या खिडक्या बंद ठेवा. मी म्हणते, चाळीस मुलं दिवसभर एकमेकांचा श्वास आलटून पालटून घेतात, निदान दोन खिडक्या उघडा. आमचं रोज वाजतं. बाईंना पुरावा हवा आहे. आजारी मुलांची पाच वर्षांची नोंदवही माझ्याकडे आहे, रोजच्या हवेची तुमच्याकडे. वेधशाळेतून निवृत्त झालात तरी अंगणातल्या त्या पांढऱ्या पेटीत डोकावून तापमापक वाचल्याशिवाय तुम्हाला चहा गोड लागत नाही, हे मला ठाऊक आहे. तुमची टेकडी आमच्यापासून दीड तासावर, म्हणजे हवा एकच. पाच वर्षांच्या वह्या पाठवाल?

आणि आई गेली त्या वर्षाचीही. आत्या अजून आल्यागेल्याला सांगते, की पाय मुरगळला म्हणून यांनी बायकोला धुक्यात नोंद घ्यायला पाठवलं, आणि छातीत कफ भरून ती गेली. मीसुद्धा तेव्हा दोन वर्षं तुमच्याशी धड बोलले नाही. अठरा वर्षांची होते, एवढंच म्हणू शकते. आता अकरा वर्षं झाली. ते धुकं मला एकदा कागदावर बघायचं आहे.

जावई नमस्कार सांगतात. लोभ आहे, तो या थंडीतही गोठू देऊ नका.

तुमची,
नर्सबाई

११ डिसेंबर

चि. नर्सबाईंना,
अ. उ. आ.

पाच वह्या वेगळ्या पाठवल्या आहेत. पानं उलटताना बोटाला थुंकी लावू नये, ही तुझीच शिकवण तुला परत करतो.

इकडे सध्या पहाटेपासून सगळं दुधात बुडाल्यासारखं असतं. मी पायरीवर उभा राहतो, तर कुंपण नाही, रस्ता नाही, समोरचं झाडसुद्धा नाही. मग आठच्या सुमाराला एकेक वस्तू परत येते. आधी झाडाचा शेंडा, मग फाटक, मग दूधवाल्याची सायकल आणि सगळ्यात शेवटी दूधवाला. तुझ्या आईला हे फार आवडायचं. ती म्हणायची, की रोज सकाळी जग नव्याने मांडून मिळतं, आणखी काय हवं.

खिडक्यांबद्दल मात्र माझं मत तुला माहीत आहे. गार हवा अंगात शिरली की माणूस आजारी पडतो. तू कितीही शिकलीस तरी म्हाताऱ्याचं हे मत बदलायच्या भानगडीत पडू नकोस. भिंगरीला कानटोपी घाल. आणि दरवर्षी सांगतो तेच, थंडीत इकडे येऊ नका. उन्हाळ्यात या, मनसोक्त राहा.

त्या वर्षीची वही ओली होऊन खराब झाली. पानं चिकटली आहेत. त्यात आता वाचण्यासारखं काही नाही.

तिला गोड पापा. माझी आठवण काढत जा, पण काळजी करू नकोस.

तुझा,
बाबा

२० डिसेंबर

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

वह्या पोचल्या. पाच दिवस दुपारी दवाखान्यात दोन्ही नोंदी शेजारी ठेवून बसले होते. बाहेर मैदानावर मुलांचा गलका, आत तुमचं बारीक, तिरकं अक्षर. वाचता वाचता गुंगी यायची, आणि वाटायचं, आपण मागच्या हिवाळ्यांतून पायी चालत चाललो आहोत.

बाबा, तुमचं धुकं निर्दोष आहे. दाट धुक्याच्या दिवसांनंतर माझ्याकडे गर्दी वाढलेली नाही. वाढते ती हवा कोरडी आणि गार होते त्यानंतरच्या आठवड्यात. अशा हवेत रोगाचे जंतू जास्त टिकतात, नाकाची आतली कातडी सुकते आणि माणसं दारं-खिडक्या लावून एकमेकांना चिकटून बसतात. थंडी नुसती दार उघडून देते, रोग येतो तो माणसाकडून माणसाकडे. बाईंनी चष्मा पुसून पुसून तीनदा कागद वाचला. शेवटी प्रत्येक वर्गाच्या दोन खिडक्या उघडायला आणि मुलांना स्वेटर घालून बसवायला त्या तयार झाल्या. तुमच्या अक्षराची त्यांनी खास तारीफ केली, माझ्या अक्षराबद्दल काही बोलल्या नाहीत.

आता जे लिहायला तीन दिवस धीर होत नव्हता ते लिहिते. त्या जानेवारीत मी वसतिगृहातून घरी आले होते. आमचा अर्धा मजला तापाने आडवा होता. मीही खोकतच आले, चार दिवस आईच्या कुशीत झोपले आणि बरी होऊन परत गेले. आठवड्याने तुमचं पत्र आलं, की आई धुक्यात गेली आणि आजारी पडली. अकरा वर्षांत मला हे दिवस मोजावेसे वाटले नाहीत. मुलांच्या नोंदी मोजताना बोटं आपोआप तिकडे गेली.

वही ओली झाली असेल, तर उन्हात वाळवा. तुमच्या हातून वही भिजेल, यावर माझा विश्वास नाही. मी लहान नाही आता. रागावणार नाही, कुणावरच. फक्त खरं सांगा.

तुमची,
मोठी झालेली पोर

२ जानेवारी

चि. बाळा,
अ. उ. आ.

तुझं पत्र आठ-दहा दिवस उशाशी होतं. सोबत त्या आठवड्याचं पान पाठवतो. वही भिजलेली नव्हती. मी खोटं बोललो.

पान बघ. सात दिवस, आणि सातही दिवशी धुक्याच्या रकान्यात एकच शब्द आहे, नाही. आकाश निरभ्र, हवा कोरडी, वारा जवळजवळ बंद. इतकं स्वच्छ होतं, की दूरचे डोंगर हाताला लागतील असं वाटायचं. पाय मुरगळला होता हे खरं. पण तुझी आई पेटीपाशी गेलीच नाही, लंगडत मीच जात होतो. एकतीस वर्षांच्या नोकरीत मी हवेबद्दल एकदाच खोटं सांगितलं, आणि तेही वहीत लिहायला हात धजला नाही.

तू आलीस त्या दिवशी डॉक्टर तुला तपासायला आले होते. त्यांनी तुझ्या आईला बजावलं, की तुमची छाती आधीच नाजूक आहे, मुलीला चार दिवस वेगळ्या खोलीत झोपवा. तिने शहाण्यासारखी मान हलवली. डॉक्टर फाटकाबाहेर पडले नसतील, तोच आपली गादी उचलून ती तुझ्या शेजारी घालून आली. मी ओरडलो. तर मलाच विचारू लागली, की चार दिवसांसाठी आलेली पोर, तिला पाहुण्यासारखी लांब ठेवू का. मग दार लोटून घेतलं. तुम्हा दोघींची कुजबुज मला ऐकू येत होती. तू तिला वसतिगृहातल्या गमती सांगत होतीस आणि ती खुदुखुदु हसत होती. मी बाहेर उभा राहून ऐकलं आणि आत गेलो नाही. माझी चूक असलीच तर ती एवढीच.

पुढे इस्पितळात तिला धड बोलवत नव्हतं. एका दुपारी तिने माझं मनगट धरलं आणि थांबत थांबत सांगितलं, की पोरीला यातलं काही कळता कामा नये, जन्मभर मनाला लावून घेईल. तुमचं हवामान आहे ना, ढकला त्याच्यावर. हे सांगतानाही तिला हसू येत होतं.

म्हणून मी धुकं निवडलं. त्याला कुणाचं बोलणं लागत नाही. आत्या बोलली, तू बोलेनाशी झालीस, तेव्हा वाईट वाटलं, नाही असं नाही. पण तू तुझ्या अभ्यासात होतीस, हसत-खेळत होतीस, लग्न केलंस. ते बघून वाटायचं, दिलेला शब्द चांगला चालला आहे. गार हवेबद्दल तुझ्याशी एवढी वर्षं हुज्जत घातली ती याचसाठी. हवेचं मला थोडंफार कळतं, बाळा.

आता शब्द मोडला. तिची माफी मी माझ्या पद्धतीने मागेन. तू मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्यामुळे ती आजारी पडली असं म्हणू नकोस. तू घरी आलीस म्हणून तिचे ते चार दिवस आनंदात गेले, हे माझ्या डोळ्यांदेखतचं आहे.

शक्य झालं तर या. थंडीतच या.

तुझा,
बाबा

१३ जानेवारी

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

पत्र शाळेत मिळालं. दवाखान्याच्या एका खाटेवर तापातली मुलगी झोपली होती, दुसरीवर मी बसले. उघड्या खिडकीतून ऊन आत आलं होतं, त्यात धुळीचे कण संथ तरंगत होते. पत्र वाचून झाल्यावर ते पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. ती मुलगी उठली आणि मला पाणी हवं का, असं विचारू लागली. मग रडले. पोटभर रडले. घरी येऊन यांना सगळं सांगितलं. यांनी चहा केला आणि त्यात साखर घालायला विसरले.

बाबा, त्या दोन वर्षांची माफी मागते. पत्रात नाही, समोर येऊन मागेन. आत्यालाही मीच सांगणार आहे, तुम्ही मधे पडायचं नाही.

गेल्या आठवड्यात भिंगरीला ताप होता. तुम्हाला कळवलं नाही. आजाऱ्याला वेगळं झोपवा, तोंड झाका, हात धुवा, असा फलक मी शाळेत स्वतः रंगवून लावला आहे. घरी त्यातला एक नियम पाळला नाही. तिने अंगावरचं पांघरूण जरा उचलून मला जागा करून दिली आणि मी आत शिरले. ती तापलेली, इवलीशी पाठ माझ्या पोटाशी होती. तुमचं पत्र तेव्हा वाटेवर असेल.

भिंगरी आता ठणठणीत आहे, घरभर गरगरते आहे. मला मात्र सणसणीत सर्दी झाली आहे. नाक लाल, आवाज बसलेला, डोळ्यांतून पाणी. त्यातलं सर्दीचं किती, ते विचारू नका.

रजा मंजूर आहे, गाडीची तिकिटं काढली होती, ती आठ दिवस पुढे ढकलली. आईने जे केलं ते मीही केलं, पुन्हाही करेन. पण खोकला पूर्ण थांबेपर्यंत तुमच्या उंबऱ्याला पाय लावणार नाही. तुम्ही रागावलात तरी चालेल. मला तुम्ही बरीच वर्षं हवे आहात.

तुमची,
पोर