खळीने चिकटवलेले शेवट

अण्णा, परवा घाटकोपरला लेकीबरोबर एक सिनेमा पाहिला. तुमच्या आवडीचा. जुन्या डिटेक्टिव्ह कथांना प्रेमाने केलेला नमस्कारच म्हणा: काळापांढरा पडदा, भिंतीवर खिडकीच्या पट्ट्यांची सावली आणि मुंबईच्या मे महिन्यात लांब कोट घालून हिंडणारा नायक. त्याने सिगारेट पेटवली की खाली धूम्रपानाचा इशारा उमटायचा, आणि तो सारखीच पेटवत असल्यामुळे त्या इशाऱ्याला सहनायकाचा दर्जा मिळाला होता. डोक्यात तीनदा फटका खाऊनही गडी डॉक्टरकडे गेला नाही. तुम्हाला हे मान्य झालं असतं. "तीन फटके तरी व्हयेच," म्हणायचात ना तुम्ही.

सगळं थिएटर हसत होतं. शेवटी नायकाला कळतं की आपल्याला दगा कुणी दिला. दगा देणारा समोरच बसलेला असतो. नायक त्याच्याकडे बघतो, टोपी उचलतो आणि एक शब्द न बोलता निघून जातो. तिथे मला रडू आलं. लेक म्हणाली, "आई, यार, कॉमेडी आहे ना ही?" मी म्हटलं, एसी डोळ्यांवर येतोय.

मुलुंडची आपली खोली. मरोळच्या कारखान्यातून तुम्ही परत येता, अंघोळ करता आणि ओट्याशी उभं राहून मैद्याची खळ शिजवता. आईचं ठरलेलं: "माझ्या दुधाच्या टोपात खळ शिजवू नकात." कोपऱ्यावरच्या वाचनालयातल्या रहस्यकथा हाताळून हाताळून खिळखिळ्या झालेल्या, गळायची ती नेमकी शेवटची पानं, म्हणजे खुनी कोण ते. वाचनालयवाल्या काकांना तुम्ही सांगून ठेवलं होतं की चेंबूरच्या मित्राकडे अख्ख्या प्रती आहेत, त्यांवरून उतरवून देतो. चेंबूरला तुमचा कुणीही मित्र नव्हता. शेवट तुम्हीच रचायचात, आखीव कागदावर निळ्या शाईने, आणि खळीने चिकटवून पुस्तक परत करायचात. तुमचा खुनी बहुधा कारखान्याचा मालक असे. आणि गुप्तहेर, मग तो कितीही निगरगट्ट असो, शेवटच्या पानावर घरी येऊन बांगड्याचं तिखलं जेवत असे.

मी तेव्हा कॉलेजात संस्कृत घेतलं होतं आणि नाकाने कांदे सोलत होते. "आमच्या नाटकांत रंगमंचावर मरण दाखवत नाहीत," असं मी ऐकवलं, तर तुम्ही शांतपणे विचारलंत, "मगे तुमचो गुप्तहेर खातलो काय?"

त्याच आठवड्यात बाईंनी वर्गात शिकवलं की मूळ ग्रंथात मागाहून कुणी घुसडलेल्या मजकुराला प्रक्षिप्त म्हणतात, आणि जाणकाराने तो हुडकून बाजूला काढायचा असतो. मला जाणकार व्हायची घाई होती. एक पुस्तक घेऊन मी वाचनालयात गेले.

"काका, ही शेवटची पानं प्रक्षिप्त आहेत."

"म्हणजे काय गं?"

"मूळ लेखकाची नाहीत. कुणीतरी नंतर रचलीत."

कुणी ते सांगायची गरज नव्हती, अक्षर त्यांच्या ओळखीचं होतं. खरं सांगते, ते माझं कौतुक करतील असं मला वाटलं होतं.

रविवारी पाच-सहा सभासदांसमोर त्यांनी तुम्हाला सुनावलं: "घरचे शेवट घरीच ठेवा. हे सगळं प्रक्षिप्त आहे म्हणे." तुम्ही घरी आलात, दुधाचा टोप घासलात, फळीवर उपडा ठेवलात. जेवताना आमटी वाढून घेत विचारलंत, "प्रक्षिप्त म्हणजे काय गे?" मी अर्थ सांगितला. सोदाहरण सांगितला. तुम्ही मान हलवलीत. "बरो शब्द आसा," म्हणालात. त्यानंतर आपल्या घरात खळ शिजली नाही.

अख्ख्या चाळीत तो शब्द ठाऊक असलेली एकुलती एक व्यक्ती तुमच्यासमोर भात कालवत होती. एवढ्या रहस्यकथा पचवलेल्या माणसाला तेवढा धागा पुरे. तुम्ही तो ओढला नाहीत. आज विचारतील, उद्या विचारतील, म्हणून मी वाट पाहत राहिले. मग तुम्हीच गेलात, त्यालाही वीस वर्षं होऊन गेली. आता वर्गात तो शब्द मी शिकवते आणि त्या तासाला मला खळीचा वास येतो. त्या पुस्तकाची अख्खी प्रत पुढे रद्दीत सापडली. मूळ लेखकाचा खुनी माळी निघाला, तोही विनाकारण. तुमचा मालक कितीतरी पटणारा होता, अण्णा.

मीच सांगितलं होतं. हे तुम्हाला कळलेलंच होतं, पण माझ्या तोंडून ऐकायचं राहिलं. आणि एक तुम्हालाही ठाऊक नसेल: त्या दिवशी खळ ओलावून, नखाने, तुमचं शेवटचं पान मी सोडवून घेतलं होतं. पुरावा म्हणून काकांना दाखवलं आणि परत लावलंच नाही. ते माझ्या संस्कृत कोशात आहे. हे पत्रही तिथेच ठेवते. त्या पानावर गुप्तहेराला सगळं कळून चुकलेलं असतं. तो घरी येतो, हात धुतो, पाटावर बसतो आणि मुलीला म्हणतो, "वाढ गे."